रिॲक्ट 17 वरून 18 वर: टेस्ट दुरुस्त करताना आलेला माझा अनुभव

आमच्या टीमकडे विमा दाव्यांच्या पोर्टलचं काम आहे. पॉलिसीधारक दवाखान्याची बिलं आणि डिस्चार्ज कार्ड अपलोड करतो, चार पायऱ्यांचा फॉर्म भरतो आणि दावा दाखल होतो. फॉर्म मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आहे. कोड रिॲक्ट (वेबपेज बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) 17 वर होता आणि कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या सहाशेच्या आसपास टेस्ट होत्या, जवळजवळ सगळ्या एन्झाइम या टेस्टच्या साधनात लिहिलेल्या. रिॲक्ट 18 आलं मार्च 2022 मध्ये, आमचा नंबर लागला बराच उशिरा. टेस्ट मार्गी लावायचं काम माझ्याकडे आलं.

एन्झाइमला रिॲक्टच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी वेगळा ॲडॅप्टर, म्हणजे दोघांना जोडणारं पॅकेज, लागतो. 16 पर्यंतचा अधिकृत होता. 17 साठीचा अधिकृत कधी आलाच नाही, बाहेरच्या एका डेव्हलपरने लिहिलेल्यावर सगळ्यांनी भागवलं. 18 साठी त्यानेही लिहिला नाही. एन्झाइम रिॲक्टच्या पोटात शिरून कंपोनंटची (पडद्यावरच्या एकेका भागाच्या कोडची) अंतर्गत रचना वाचतं, आणि 18 मध्ये ते पोटच बदललं. त्यामुळे आमच्यापुढे भरवशाची एकच वाट होती, रिॲक्ट टेस्टिंग लायब्ररी. ती युजरला पडद्यावर जे दिसतं त्यावरून तपासते.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो कामाचा क्रम. फ्रेमवर्क आणि टेस्ट एकदम बदलायच्या नाहीत, हे मी पहिल्याच बैठकीत हट्टाने मांडलं. दोन्ही एकदम बदललं आणि टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास झाली, तर दोष कोडचा की टेस्टचा, हे कळायला काहीच मार्ग उरत नाही. म्हणून रिॲक्ट 17 वरच राहून, त्याला चालणारी टेस्टिंग लायब्ररीची 12 वी आवृत्ती घेतली आणि एकेक फाइल बदलायला लागले. नवीन कोडमध्ये कोणी एन्झाइम आणलं, तर लिंट (कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं साधन) तिथेच अडवेल असा नियम टाकला.

बदलायला बसल्यावर खरं चित्र दिसलं. एक जुनी टेस्ट अशी होती: कंपोनंटची स्टेट (त्याने लक्षात ठेवलेली माहिती) परस्पर ‘पायरी 3’ करायची आणि बँक तपशिलाचा कंपोनंट पानाच्या रचनेत आहे का ते बघायचं. तिसऱ्या पायरीपर्यंत माणूस पोहोचतो का, हे त्यात कुठेच तपासलेलं नव्हतं. नव्या टेस्टला नाव टाइप करावं लागतं, तारीख निवडावी लागते, ‘पुढे’ दाबावं लागतं. अशा टेस्टचं भाषांतर होत नाही, त्या नव्याने लिहाव्या लागतात. काही तर मी सरळ काढून टाकल्या. टेस्टची संख्या घटतेय म्हणून मॅनेजरना काळजी वाटली, तेव्हा काढलेली प्रत्येक टेस्ट काय तपासत होती ते एका ओळीत लिहून त्यांच्यासमोर ठेवलं. ती यादी वाचून त्यांनी होकार दिला.

लेबलवरून इनपुट शोधायला गेले तर सात-आठ रकाने सापडेचनात. लेबल पडद्यावर होतं, पण इनपुटला बांधलेलंच नव्हतं. म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला तो रकाना कशाचा, हे ऐकूच येत नव्हतं. आजारपणाच्या बिलांचा फॉर्म आहे हा. ते रकाने मी त्याच दिवशी दुरुस्त केले.

एका मराठी टेस्टने अख्खी दुपार घेतली. ‘दुसऱ्या विमाधारकाचे नाव’ हे लेबल पडद्यावर दिसतंय, टेस्टमध्ये तेच लिहिलंय, तरी सापडत नाही. शेवटी दोन्हींचे युनिकोड क्रमांक छापून बघितले. भाषांतराच्या फाइलमध्ये ‘ऱ्या’ हा र, हलन्त आणि अदृश्य जोडणारं चिन्ह असा लिहिलेला होता. माझ्या कीबोर्डने मात्र नुक्तावाला ऱ आणि हलन्त दिला होता. दिसायला हुबेहूब, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे शब्द. एकच अक्षर वेगवेगळ्या क्रमांकांनी लिहिलं असेल तर ते एकसारखं करणाऱ्या युनिकोडच्या नेहमीच्या नॉर्मलायझेशननेही हे दोन एक होत नाहीत. आता टेस्टमध्ये मराठी मजकूर हाताने टाइप करायचा नाही, भाषांतराच्या फाइलमधूनच घ्यायचा, असं आम्ही ठरवलंय.

मग रिॲक्ट 18 आणि टेस्टिंग लायब्ररी 13. तोवर टेस्ट युजरच्या नजरेने लिहिलेल्या असल्यामुळे बहुतेक हिरव्याच राहिल्या. सोबत यूजर-इव्हेंट या, क्लिक आणि टायपिंगची नक्कल करणाऱ्या पॅकेजची 14 वी आवृत्ती घेतली. तिच्यात प्रत्येक क्लिकआधी अवेट (काम पूर्ण होईपर्यंत थांब, असं सांगणारा शब्द) लावावं लागतं. ते विसरलं, तर ‘एरर दिसू नये’ अशी टेस्ट क्लिक होण्याआधीच तपासून मोकळी होते आणि खोटी हिरवी राहते. लिंटचा प्लगइन लावून त्या शोधल्या. टेस्ट चालवणाऱ्या जेस्ट या साधनाचे नकली टायमर असलेल्या टेस्ट पाच सेकंद अडकून पडत होत्या. यूजर-इव्हेंटच्या सेटअपमध्ये टायमर पुढे सरकवणारं फंक्शन दिल्यावर त्या सुटल्या.

एक टेस्ट मात्र काही केल्या हिरवी होईना. दोन फाइल जोडायच्या, ‘पुढे’ दाबायचं, सारांशात ‘2 कागदपत्रं’ दिसायला हवीत. दिसत होतं 1. मला वाटलं वेळेचा घोळ असेल, म्हणून थांबायची मुदत एक सेकंदावरून पाच केली. तरी 1. शेजारच्या टेबलावरची आमची टेस्टर म्हणाली, “अगं, वेळ वाढवून आकडा बदलत नसेल, तर आकडाच चुकीचा असेल ना?”

टेस्टिंग लायब्ररी 13 मध्ये लेगसीरूट नावाचा पर्याय आहे, त्याने कंपोनंट जुन्या पद्धतीने रेंडर होतो, म्हणजे पडद्यावर मांडला जातो. तो लावला आणि टेस्ट हिरवी. म्हणजे टेस्ट बरोबर होती, 18 मध्ये वागणं बदललं होतं. अपलोडचा तो जुना क्लास कंपोनंट उघडला. फाइल सर्व्हरवर जाईपर्यंत अवेट, मग सेटस्टेटने (स्टेट बदलायचं फंक्शन) यादीत नवी फाइल घालायची, आणि लगेच पुढच्या ओळीत स्टेटमधली यादी वाचून सारांशाला पाठवायची. रिॲक्ट 17 मध्ये अवेटनंतरचं सेटस्टेट तिथल्या तिथे लागू व्हायचं, म्हणून हे चालून जात होतं. 18 मध्ये असे बदलही गोळा करून एकत्र लागू होतात, त्यामुळे पुढच्या ओळीला जुनीच यादी मिळत होती. शेवटची फाइल सारांशातून गळत होती. कोणाचं तरी डिस्चार्ज कार्ड असं राहून दावा परत आला असता, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला.

दुरुस्ती दोन ओळींची होती: नवी यादी आधी व्हेरिएबलमध्ये तयार करायची आणि तीच दोन्हीकडे द्यायची. याच कंपोनंटची एन्झाइममधली जुनी टेस्ट मी मुद्दाम पुन्हा उघडून वाचली. ती स्टेटमध्ये दोन फाइल स्वतःच घालत होती आणि सारांशात 2 आहे ना, ते बघत होती. बिघडलेल्या कोडवरही तिला 2 च दिसले असते.

त्यानंतर क्लास कंपोनंटमध्ये अवेटनंतर स्टेट वाचणाऱ्या सगळ्या जागा शोधल्या. आणखी तीन निघाल्या. त्यातल्या एकीला टेस्टच नव्हती, ती आधी लिहिली, लाल झालेली बघितली आणि मगच कोडला हात लावला.