बिनीथाचे तीन हजार

‘मॅडम, बेदाणा उन्हात टाकला तर काळा पडतो. आमच्यात शेडमध्येच वाळवतात.’

लोरेन हॅन्सबेरीच्या १९५९च्या ‘अ रेझिन इन द सन’ (उन्हातला बेदाणा) या नाटकाचं नाव फळ्यावर लिहिलं की तासगाव-कवठेमहांकाळकडची पोरं हे सांगणारच. कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमधून काढलेले घड, जाळ्यांचे थर, गंधकाची धुरी, सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले. तिथूनच मग ज्या कवितेतून हे नाव आलं त्या लँग्स्टन ह्यूजच्या कवितेवर येते : लांबणीवर पडलेलं स्वप्न उन्हातल्या बेदाण्यासारखं सुकून जातं का? सांगलीत हे नाटक शिकवायला याहून चांगली सुरुवात मला सापडलेली नाही.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. तास मोजून मिळतात, म्हणून परीक्षेत येतं तेवढं आधी उरकते. आणि परीक्षेत येतो तो नाटकाचा नायक वॉल्टर. गाइडांत त्याच्या बहिणीला, बिनीथाला, चार ओळी. २० वर्षांची ही मुलगी लहानपणी बर्फावर घसरून तोंड फुटलेला मुलगा बरा होऊन आलेला बघते आणि डॉक्टर व्हायचं ठरवते, एवढंही त्यांत नसतं.

मंगळवारी दुसऱ्या अंकात होतो. वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर. आईने घरासाठी ३,५०० भरले, उरलेले ६,५०० वॉल्टरच्या हातात दिले. त्यातले ३,००० बिनीथाच्या शिक्षणासाठी बँकेत टाकायचे. मी रंगात येऊन वॉल्टरवर बोलत होते. दुसऱ्याची गाडी चालवून पिचलेला माणूस, आईने पहिल्यांदा विश्वास टाकलेला.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, तिचे पैसे भावाकडे देताना तिला विचारलं होतं का?’

नव्हतं विचारलं. इतकी वर्षं शिकवतेय, तिथे मी एकदाही थांबले नव्हते. आणि आई दुष्ट असती तर सोपं होतं. पोरगा डोळ्यांदेखत मोडतोय म्हणून ती देते.

तास संपल्यावर ती मुलगी दाराशी थांबली. तिच्या बी.एड.ला ठेवलेले पैसे भावाच्या शेडमध्ये घातलेत. ‘माल विकला की देतो म्हणालाय. दादा चांगला आहे, मॅडम.’ एवढं बोलून ती एस.टी. गाठायला पळाली.

शुक्रवारी पुढचा प्रवेश आहे. वॉल्टरने बहिणीचेही पैसे धंद्यात घातलेत आणि भागीदार ते घेऊन पळालाय. शेवटी सगळे नव्या घरी निघतात, वॉल्टर ताठ उभा राहतो, ते मी दरवर्षी भरल्या आवाजात वाचते. बिनीथाची फी कुठून येणार, ते नाटकात कुठेच नाही. ती मागच्या बाकावर बसलेली असेल.