चाकू नसलेल्या सर्जरीची जत्रा

जून 2022 मध्ये मिलानला रेडिओसर्जरी (किरणांनी करायची सर्जरी) सोसायटीची, म्हणजे आयएसआरएसची काँग्रेस, म्हणजे परिषद झाली, तिकडे गेलेलो. खरं तर ती 2021 लाच व्हायची पण करोनाने सगळंच लांबलं. घरी आईला सांगितलं काँग्रेसला चाललोय तर ती म्हणाली, आता राजकारणात कुठे पडतोस बाबा!

तर गंमत अशी की नावात सर्जरी, पण कवटी उघडायचीच नाही. स्वीडनच्या लार्स लेक्सेलने 1951 मध्ये ही कल्पना मांडली आणि पुढे 1960 च्या दशकात त्यासाठीचं पहिलं मशीन, गामा नाइफ, बनवलं. आजच्या मशीनमध्ये कोबाल्ट 60 या किरणोत्सारी धातूचे 192 बारीक किरण एकाच बिंदूवर येतात, एकेकटा किरण तसा गरीब बिचारा पण जिथे सगळे भेटतात तिथे गाठीची वाट लागते, बाजूचा मेंदू बराचसा वाचतो.

मी फिजिक्सवाला, त्यामुळे माझं दुखणं वेगळंच. कोबाल्टची ताकद साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणजे तोच डोस द्यायला पेशंटला दुप्पट वेळ पडून राहावं लागतं, आणि नवीन सोर्स, म्हणजे ताजा कोबाल्ट, टाकायचा म्हटलं की मॅनेजमेंटचा चेहरा बघण्यासारखा असतो.

कॉफी मात्र भारी होती, पण कप बघून हसूच आलं, आपल्या कटिंगपेक्षाही कमी!