आठवणीतला जिना : कॅनव्हास चौथा

तोच लाकडी जिना, चौथ्यांदा. आधीच्या तीनपैकी दोन खरवडून टाकले, तिसरा भिंतीकडे तोंड करून उभा आहे. या वेळी आकार लहान घेतला, ४० बाय ५० सेंमी. पुसट करायचं काम रंग ओला आहे तोवरच उरकावं लागतं आणि माझा हात संथ.

हे पुसट करण्याचं वेड जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरमुळे लागलं. त्याच्या १९६५ सालच्या दोन चित्रांपाशी मी कधीची घुटमळतेय, ‘अंकल रूडी’ आणि ‘आंट मारियान’. आपल्या भाषेत मामा आणि मावशी, सख्खी भावंडं. मामा लष्करी गणवेशात हसतोय. तो युद्धात मारला गेला. मावशी अजून शाळकरी वयाची, तिच्यापुढे तान्हा रिश्टर; पुढे तिला मनोरुग्ण ठरवून नाझी राजवटीने संपवलं. एक त्या राजवटीचा शिपाई, दुसरी तिचा बळी. दोघांचीही चित्रं घरच्या फोटोंवरून, करड्या रंगात केलेली, आणि ओल्या रंगावर ब्रश फिरवून कडा मोडलेल्या. मामाला जास्त पुसावं, मावशीला जपावं, असला हिशेब त्यात दिसत नाही. मला त्याचीच धास्ती वाटते.

माझा जिना त्यामानाने निरुपद्रवी. पण चुका भरपूर झाल्या.

पहिल्या कॅनव्हासवर मी सुरुवातच धूसर केली. मुळात जे धड रंगवलेलंच नाही ते पुसलं की नुसतं गचाळ दिसतं. आता आधी प्रत्येक पायरी, कठड्याची प्रत्येक दांडी काटेकोर काढते, मगच रुंद, मऊ, कोरडा ब्रश आडवा ओढते. दर फटक्यानंतर ब्रश फडक्याला पुसायचा, नाहीतर चिखल. तिसऱ्या वेळी काम दुसऱ्या दिवसावर गेलं आणि फसले: बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तैलरंग लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक हा काळा रेंगाळतो. सावल्या चिकट झालेल्या, उजेडाचे करडे अजून ओले, त्यामुळे अर्धा जिना सरकला आणि अर्धा जागेवरच राहिला. या खेपेला अंबर टाळला. टायटेनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक, बस. करडा जरा निळसर येतो, चालतंय.

मधेच एक भानगड झाली. फोटो बघायचा नाही असा माझा नियम होता, पण मामेभावाने आपणहून जुना फोटो पाठवला. जिना उजवीकडे वळतो. माझ्या चारही चित्रांत डावीकडे. आणि मी दर वेळी मन लावून रंगवलेली, वरून उजेड सोडणारी खिडकी तिथे नाहीच. आहे ती कोरी भिंत. दोन दिवस ब्रश हातात घेतला नाही. ती खिडकी बहुधा शाळेच्या जिन्यातली असावी. तिथे मी वर्गाबाहेर पुष्कळ वेळ उभी असायचे, कारण सांगत नाही.

फोटो खणात ठेवला. वळण डावीकडेच ठेवलंय.

परवाच्या बैठकीत सलग तीन तास बसून पायऱ्या आणि कठडा पुसट केला. खालच्या दोन पायऱ्या जरा जास्तच गेल्या, त्या पॅलेट नाइफने काढून पुन्हा रंगवल्या. खिडकीच्या गजांना मात्र कोरडा ब्रश लावलेला नाही. चित्रात तेवढेच लख्ख आहेत.