तीस हजार पानांचे आश्वासन

छपाईविषयी तक्रार करणे नाशिककराला खरे तर शोभत नाही. इथे नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आणि करन्सी नोट प्रेस १९२८ पासून काम करीत आहे. देशाची टपाल तिकिटे, मुद्रांक, पासपोर्ट आणि नोटा या गावाने छापल्या. त्याच गावात गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी मात्र, क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेल्या प्रिंटरमधून सातबाराचा एक उतारा धडपणे निघेल याची खात्री देता येत नाही.

या यंत्रासोबत आलेल्या वॉरंटीच्या कागदावर एक वाक्य आहे: १ वर्ष किंवा ३०,००० पाने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते. वर्षात तीस हजार पाने संपवायची तर रोज ऐंशीहून अधिक छापावी लागतील, तीही रविवार आणि सणवार न पाळता. आमच्या घरातून निघतात ती शाळेच्या प्रकल्पाची चार पाने, रेल्वेचे तिकीट, कधी बँकेला द्यायचे आधारकार्ड आणि श्रावणात सत्यनारायणाच्या पूजेचे आमंत्रण. मधले आठवडेच्या आठवडे यंत्र नुसते बसून असते. म्हणजे शर्यतीत दरवेळी वर्षच जिंकणार, आणि कंपनीने उदार मनाने देऊ केलेली बहुतेक पाने तशीच शिल्लक राहणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेले असते.

पण माझी खरी तक्रार पुढे आहे. घरगुती शाईचा प्रिंटर छापून छापून झिजत नाही. तो न छापल्याने बिघडतो. त्याच्या हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागात, केसाहूनही बारीक छिद्रे असतात आणि शाईत बहुतांश पाणी असते. नाशिकच्या एप्रिल-मेमधल्या कोरड्या उन्हाळ्यात ते पाणी उडते आणि शाई छिद्राच्या तोंडाशीच सुकून बसते. हेडची तपासणी करणारे पान छापून पाहिले की दुखणे डोळ्यांना दिसते: निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या बारीक रेघांच्या पायऱ्या उमटतात, आणि जिथे छिद्र बुजलेले असते तिथे नेमकी एक पायरी गायब असते. आमच्या पानावर काळ्या रंगाच्या निम्म्या पायऱ्या नव्हत्या. पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. तेव्हा कागद हवेतली ओल शोषून वाकतो आणि दोन-दोन पाने एकदम आत ओढली जातात. पण तो कागदाचा दोष असल्यामुळे यंत्राला मी क्षमा करतो.

छिद्र मोकळे करण्याचा उपाय यंत्रातच दिलेला असतो, आणि तो शाईवर चालतो. सफाईची आज्ञा दिली की यंत्र घुरघुरत भरपूर शाई छिद्रांतून ओढते आणि तळाशी असलेल्या फेल्टच्या पॅडमध्ये सोडून देते. आपण विकत घेतलेल्या शाईचा एक हिस्सा कागदाचे तोंडही न पाहता अशा रीतीने तिथे जमा होतो. यंत्र त्याचा हिशेब ठेवते, आणि पॅड भरला असे त्याच्या हिशेबाने ठरले की छपाई थांबवून सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवते. म्हणजे जो कमी छापतो त्याला सफाई अधिक करावी लागते, आणि जो सफाई अधिक करतो त्याचा पॅड लवकर भरतो.

वॉरंटी संपायला काही आठवडे उरले असताना मी यंत्र रिक्षात घालून अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेले, कारण घरी येऊन दुरुस्त करण्याची सोय आमच्या मॉडेलला नव्हती. तिथल्या तरुणाने बिल मागितले. बिल थर्मल कागदावरचे, त्यामुळे उन्हाळ्यात कपाटातल्या कपाटात ते इतके फिकट झाले होते की तारीख वाचायला त्याला मोबाइलचा दिवा लावावा लागला. तपासणीचे पान पाहून तो म्हणाला, "काका, हेड चोक झालंय. वापर नसल्यामुळे झालंय, त्यामुळे वॉरंटीत बसणार नाही. तुम्ही रोज एक तरी रंगीत प्रिंट काढत जा." मुलगा नम्र होता आणि सल्लाही चुकीचा नव्हता, पण देवापुढे दिवा लावावा तसे रोज एक निरर्थक पान छापायचे, तर तेवढे तरी वॉरंटीच्या कागदावर ठळक छापायला हवे होते. नव्या हेडची सांगितलेली किंमत ऐकून मी यंत्र परत रिक्षात ठेवले.

यानंतर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि वस्तूची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. परंतु तिथवर जाण्याची वेळ आली नाही. कंपनीने "विशेष बाब म्हणून" हेड बदलून देण्याचे मान्य केले, आणि त्यासाठी एक अर्ज ईमेलने पाठवला. तो छापून, सही करून, यंत्रासोबत आणावा अशी सूचना खाली होती.

अर्ज कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापला. तिथे काउंटरच्या मागे आमच्याच मॉडेलचा प्रिंटर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो: परीक्षेच्या दिवसांत हॉल तिकिटे, जूनमध्ये प्रवेशाचे अर्ज, मधल्या काळात भाडेकरार. त्याचे हेड सुकायला सवडच मिळत नाही. आता घरी मी साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर घेतला आहे, कारण टोनर ही भुकटी असते. ती कागदावर उष्णतेने वितळून चिकटते आणि महिनाभर पडून राहिली तरी वाळण्याचा प्रश्न येत नाही. रंगीत पाने त्या दुकानातूनच आणतो. दुकानदाराला मी त्याच्या यंत्राच्या वॉरंटीविषयी विचारले, तेव्हा त्याने पान काढता काढता सांगितले की ती केव्हाच संपली असेल, बिल कुठे आहे कोणास ठाऊक.