अकरा घावांचं रानडुक्कर

गेली नऊ वर्षं मी पुण्यात गेम डिझाइन करते. माझ्याकडे सिस्टिम्सचं काम असतं. खेळाडूची ताकद किती वेगाने वाढावी, कोणता शत्रू किती घावांत पडावा, याचे तक्ते मी मांडते. मागच्या पावसाळ्यात आमच्या ऑनलाइन आरपीजीमधून, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या खेळातून, लेव्हल (पात्राची ताकद दाखवणारा, वाढत जाणारा आकडा) काढून टाकायच्या, असं मी टीमकडून मान्य करून घेतलं.

कारण दोन भाऊ. आधीच्या प्लेटेस्टला, म्हणजे खेळ खेळून तपासायच्या सत्राला, ते आले होते. मोठा ३८व्या लेव्हलला पोचलेला, धाकटा सहाव्या. मोठ्याच्या भागात धाकटा एका फटक्यात मरायचा आणि धाकट्याच्या भागात मोठा नुसता चालत गेला तरी सगळं आडवं व्हायचं. अर्ध्या तासाने दोघं एकाच सोफ्यावर बसून वेगवेगळे खेळत होते. ते मला बघवलं नाही.

लेव्हल आली ती टेबलावरच्या खेळातून, १९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समधून. तिथे चारपाच मित्र एकत्र बसायचे आणि साधारण एकत्रच वाढायचे. त्यांच्यात आकड्याची भिंत पडायचं फारसं कारण नव्हतं. ऑनलाइन खेळात एकजण आज सुरू करतो, दुसऱ्याने तीन वर्षांपूर्वी केलेलं असतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचंच बघा. २००४ मध्ये कमाल लेव्हल ६० होती. ती वाढत वाढत २०१८ मध्ये १२० झाली आणि २०२० मध्ये सगळे आकडे दाबून कमाल परत ६० वर आणावी लागली. उलट अल्टिमा ऑनलाइनने १९९७ मध्येच लेव्हलऐवजी कौशल्यं ठेवली होती. ईव्ह ऑनलाइनमध्ये २००३ पासून लेव्हल नाही. मीटिंगमध्ये मी हे सगळं मांडलं आणि म्हटलं, लेव्हलचे दिवस संपलेत. त्याऐवजी आम्ही स्केलिंग घेतलं. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनने २०१६ पासून बहुतेक जगभर केलंय तसं, कुठेही जा, सगळं तुमच्या तोडीचं.

स्केलिंगवाल्या त्या नव्या आवृत्तीच्या टेस्टर्समध्ये एक नर्स होत्या. ड्यूटी संपली की रोज तासभर खेळायच्या. पहिल्या दिवशी जंगलाच्या तोंडाशी असलेल्या रानडुकराने त्यांना दोनदा मारलं होतं. तिसऱ्यांदा अकरा घावांत त्यांनी ते पाडलं, तेव्हा मी मागेच उभी होते. खुर्चीत उडाल्याच त्या.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, त्या स्टुडिओत आल्या आणि खेळाने दिलेली कामगिरी सोडून सरळ त्या जंगलात गेल्या. पाठीवर नवी तलवार, अंगात चांगलं चिलखत. डुक्कर धावून आलं. मी मनात मोजत होते. नऊ, दहा, अकरा. पडलं.

त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. "मॅडम, हे तेच डुक्कर ना?"

"हो, तेच."

"मग मी तीन आठवडे केलं काय?"

मी समजावू लागले. तुमच्याकडे आता ढालीचा वार आहे, उडी आहे, विष उतरवता येतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते खरंय. पण याला काही कळलंच नाही." थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, "पहिल्या वर्षी आयव्ही लावताना माझे हात थरथरायचे. आता मंद दिव्यातही शीर सापडते. पेशंटचे हात काही माझ्याबरोबर अवघड होत गेले नाहीत."

माझं सूत्र चोख चाललं होतं. त्यांचा डॅमेज, म्हणजे घावाचा जोर, चौपट झाला होता आणि डुकराची हेल्थ, म्हणजे घाव सोसायची ताकद, तीही चौपट. घाव तेवढेच. महिनाभर मी याच समतोलाचा अभिमान बाळगला होता.

त्या संध्याकाळी माझा एक सहकारी म्हणाला, आकडाच परत आण. तो शाळेपासून रुनस्केप खेळतोय. तिथे एका कौशल्यात ९९ गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि ९२ ला पोचलात की जेमतेम निम्मी वाट झालेली असते. ९९ झालं की तो अजूनही मित्रांना फोन करून सांगतो. त्याचा आनंद मला कळतो. तरी आकडा परत आणायला मी तयार नाही, कारण त्या नर्सबाईंनी आकडा मागितलाच नव्हता. आपण वाढलोय हे त्या जगाला जाणवावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. गिल्ड वॉर्स २ मध्ये जुन्या भागात गेलात की तुमची ताकद खाली उतरवतात, पण पूर्ण नाही. चांगली हत्यारं, शिकलेले गुण यांचा थोडा वरचष्मा राहतो. हे मी आधी वाचलं होतं, त्याचं मोल मात्र त्या शनिवारी कळलं.

रात्री मी पहिल्या तीन भागांतल्या शत्रूंची हेल्थ कायमची बांधून टाकली. स्केलिंग ठेवलं ते फक्त सोबत कमजोर साथीदार असतानाच, आणि तेही बलवान खेळाडूला खाली आणणारं.

पुढच्या शनिवारी डुक्कर तीन घावांत पडलं. बाई काही बोलल्या नाहीत. वाटेतली आणखी चार डुकरं शोधून पाडली आणि मगच पुढे गेल्या.

आता त्या दोन भावांना परत बोलावलंय. धाकट्याबरोबर खेळताना मोठ्याला आपण खाली ओढले गेलो असं वाटलं, तर काय करायचं, ते माझ्या तक्त्यात अजून कुठेच बसलेलं नाही.