आमची वाटचाल : चितारआळीबाहेर

सावंतवाडीच्या चितारआळीतलं गिऱ्हाईक म्हणजे गोव्याला जाता-येता गाडी थांबवणारं. लाकडी फळं, रंगीत पाट खपतात. दशावतारी गंजिफा, म्हणजे विष्णूच्या अवतारांचे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, हातात घेतात, किंमत विचारतात आणि हळूच जागेवर ठेवतात. दहा अवतार, राजा-प्रधान धरून प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे १२० गोल पानं हातानं रंगवायची आणि वर लाख चढवायची. खारीच्या केसांच्या कुंचल्यानं मत्स्याचे खवले काढताना मान मोडते. हे समजून घेणारा माणूस आळीत चालत येत नाही, त्याला गाठायला हस्तकलेच्या मेळ्यातच जावं लागतं.

आमच्या वडिलांना मेळा म्हणजे जत्रा एवढंच ठाऊक. हस्तशिल्प विकास आयुक्तांचं ‘पहचान’ कार्ड, म्हणजे कारागिराचं सरकारी ओळखपत्र, काढलं, तेव्हा कुठे दारं उघडली. दिल्ली हाट या हस्तकलेच्या बाजारात कारागिरांचे गाळे पंधरा-पंधरा दिवसांनी बदलतात, तिथे कार्डाशिवाय कोणी विचारत नाही. महालक्ष्मी सरस हे प्रदर्शन बचत गटांचं, म्हणून तिथे अर्ज हिच्या गटाचा. मी आपला खोके उचलायला. हरियाणातला सूरजकुंड मेळा आणि मुंबईचा काळा घोडा महोत्सव दोन्ही साधारण एकाच सुमारास, एकाच घरातून दोन्हीकडे माल पुरवून दाखवा!

मग एका मोठ्या शहरातला तो ‘कला महोत्सव’. आयोजकानं गुळगुळीत पत्रक पाठवलं, भाडं आगाऊ घेतलं. जाऊन बघतो तर एका बाजूला गाद्या, दुसऱ्या बाजूला मसाजच्या खुर्च्या. मधेच आयोजकाचा फोन बंद, मैदानवाल्यानं वीज तोडली. पत्र्याच्या मंडपात उन्हानं लाख मऊ झाली आणि पानं एकमेकांना चिकटली. सोडवायला गेलो तर नृसिंहाचं तोंड वामनाच्या पाठीवर! पूर्ण हंगामाचा माल गेला, पतपेढीचे हप्ते तेवढे राहिले. पुढची वर्षं फेडण्यातच गेली, त्यांचं काय सांगायचं?

सावरतोय तोवर शेजारच्या गाळ्यात एक महाशय अवतरले. छापील पानं, वर चकाकी, आणि पाटी ‘अस्सल हातकाम’. किंमत आमच्या रंगांच्या खर्चाइतकी. आयोजकांकडे तक्रार केली, तर “ॲडजस्ट करा” म्हणाले. दादरच्या एक बाई दर वर्षी आमच्याकडे येतात. निवृत्त शिक्षिका, घासाघीस भरपूर, पण घेतल्याशिवाय जात नाहीत. त्यांनी महाशयांचे दोन संच शेजारी मांडायला लावले आणि भर गर्दीत म्हणाल्या, “दोन्हीकडे मत्स्याच्या डोळ्याखाली तोच ठिपका, त्याच जागी! हाताला असं जमतं होय?” महाशय पाणी प्यायला गेले. माल मात्र त्यांचाच जास्त खपला, हेही लिहून ठेवतो.

नवीन मुलं विचारोत न विचारोत, सांगतो. मेळा कसा आहे हे आयोजकाला विचारू नका, मागच्या वर्षी तिथे बसलेल्याला विचारा. तो “धंदा ठीक” म्हणाला तर “पुन्हा जाणार का?” एवढंच विचारायचं. बाजूच्या गाळेवाल्याशी डबा वाटून खा, पुढच्या मेळ्याची खबर पत्रकाआधी त्याच्याकडून कळते. पैसे भरण्याआधी गाळ्यांचा नकाशा मागा. आपला दिवा, वायर आणि सुटे पैसे घरून न्या. लाखेच्या पानांमध्ये पातळ कापड घाला, प्लास्टिक नको. आणि कोपऱ्यावरचा, दोन बाजूंनी उघडा गाळा कसा मिळवायचा, ते त्या महाशयांनाच विचारा. त्यांना दर वर्षी मिळतो.