पाटा-वरवंटा स्वस्त, उशी महाग

दुपारी सगळं शांत असताना ब्राउन टेप ओढल्याचा कर्रर्र आवाज जिन्यातून खाली आला की इमारतीला कळतं, कोणाचा तरी संसार खोक्यांत चाललाय. आवाजावरून बाकीचंही कळतं. मध्ये मध्ये कात्री हरवण्याइतका थांबत असेल, तर घरचेच भरताहेत. मधल्या फटीवर एक लांब पट्टी, दोन्ही कडांवर एकेक आडवी, अशा लयीत चालला असेल तर पॅकर्सची माणसं आलीत.

समजा, पुण्याहून मेलबर्नला निघालंय घर. सामान न्हावा-शेव्याला जाणार, वाटेत कोलंबो किंवा सिंगापूरला दुसऱ्या जहाजावर चढणार आणि दारात पोहोचायला दीड महिन्यापासून तीन महिन्यांपर्यंत कितीही लागणार. तिकडे पोहोचून आधी स्टीलच्या एका पातेल्यात चहा, वरण आणि मॅगी करायची तयारी ठेवावी.

विमानाने आपल्याला वजनाची भीती घातली आहे. तेवीस किलोची बॅग, बाथरूमच्या काट्यावर ती कवेत घेऊन उभं राहायचं, मग स्वतःचं वजन वजा करायचं. ही भीती घेऊनच लोक जहाजाचं सामान काढायला बसतात आणि पहिला बळी जातो पाटा-वरवंट्याचा. ‘एवढा धोंडा कुठे न्यायचा?’ म्हणून तो कामवाल्या मावशींना देऊन टाकतात आणि गादी मात्र नीट गुंडाळून ठेवतात.

हिशेब बरोबर उलटा आहे. कंटेनरमध्ये इतरांबरोबर जागा वाटून घेतली, की दर घनमीटरवर लागतो. नियम असा की एक घनमीटर किंवा एक टन, जे जास्त भरेल त्याचे पैसे. घरगुती सामान घनमीटरला शंभर-दीडशे किलोच्या आसपास भरतं. टनाच्या जवळपासही जात नाही. म्हणजे वजन फुकट, हवा महाग. सहा बाय साडेसहा फुटांची, सहा इंच जाडीची गादी अर्ध्या घनमीटरहून जास्त जागा खाते. तेवढ्याच जागेत दीड घनफुटांची पुस्तकांची बारा खोकी बसतात. पाटा आणि वरवंटा मिळून एका लहान खोक्यात जातात. दोन उश्यांना त्याच्या तिप्पट जागा लागते. उशी तिकडच्या कुठल्याही दुकानात मिळेल. टाकी लावलेला, म्हणजे छिन्नीने खरबरीत केलेला पाटा कुठे मिळणार?

म्हणून घरातली पोकळी शोधत हिंडावं. रिकामा डबा म्हणजे भाडं देऊन नेलेली हवा. डब्यात डबा, सगळ्यांत आतल्या डब्यात वाट्या, कुकरमध्ये त्याची भांडी आणि भांड्यांत मोजे. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र यांच्या पोटात रुमाल-टॉवेल कोंबले की कागदही वाचतो. विळीचं पातं मिटवून पुठ्ठ्यात बांधायचं आणि खोक्यावर तसं लिहायचं. उघडणाऱ्याच्या बोटांचा विचार करायला नको का?

पुस्तकांना नेहमी लहान खोकं, पंधरा-वीस किलोंच्या आत. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि उचलताना तळ निघतो. काचेच्या-चिनी मातीच्या ताटल्या आडव्या रचायच्या नाहीत, उभ्या लावायच्या. आडव्या थराला धक्का बसला की सगळ्यांचं ओझं खालच्या ताटलीच्या मध्यावर येतं. उभ्या ताटल्या तो धक्का कडांवर झेलतात. खाली चुरगाळलेल्या कागदाची तीन बोटं गादी, वर तेवढीच. खोकं हलवून बघायचं. आत काही वाजलं तर परत उघडायचं. पुठ्ठा निदान पाच पदरी, क्रोकरीला सात पदरी. किराणा दुकानातून आणलेलं बिस्किटांचं खोकं तळेगावपर्यंतही तग धरत नाही, शिवाय जुन्या धान्याची धूळ बरोबर घेऊन येतं.

कंटेनरमध्ये पाणी बाहेरून येतं असं वाटतं. येतं ते बहुधा आतून. दिवसा तापलेला आणि रात्री गारठलेला पत्रा आतल्या दमट हवेचं पाणी करतो आणि ते छतावरून टपकतं. आषाढात भरलेली खोकी ही दमट हवा पुठ्ठ्यातच घेऊन निघतात. बिडाच्या तव्याला तेलाचा हात आणि कागद, फ्रिज दोन दिवस आधी बंद करून दार किलकिलं, खोक्याखोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या. लाकडी क्रेट ओळखीच्या सुताराकडून स्वस्तात करून घेऊ नये. परदेशी जाणाऱ्या पॅकिंगच्या लाकडाला गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं तापवल्याचा किंवा धुरी दिल्याचा, गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का लागतो. शिक्का नसलेलं क्रेट आतल्या काचेसकट अडकतं.

ऑस्ट्रेलियात खरं भय कस्टमचं नाही. सामान बारा महिने मालकीचं आणि वापरातलं असलं की बहुतेक घरगुती वस्तूंवर कर लागत नाही; बी 534 नावाचा फॉर्म भरायचा, पासपोर्टची प्रत आणि यादी जोडायची. भय आहे ते खपरा भुंग्याचं. हा आपल्याच उपखंडातला. याची अळी अन्नाशिवाय वर्षानुवर्षं फटीत दडी मारून बसते आणि गोदामात शिरली की धान्याची माती करते. त्याच्यापायी 2020 पासून अशा सामानातून तांदूळ, हरभरा, तूर, मूग, मसूर, चवळी, जिरं, धणे, बडीशेप, शेंगदाणे, सुक्या मिरच्या न्यायला बंदी आहे. म्हणजे गोड्या मसाल्याचा अर्धा जिन्नस आणि आमटी पूर्ण.

धान्य कोणी मुद्दाम ठेवत नाही; ते राहून जातं. मिक्सरच्या भांड्यात पात्याखाली, जात्याच्या खुंट्याशी, पाट्याच्या टाकीच्या खाचांत, डब्याच्या झाकणाच्या वळणात. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी तर अख्ख्या घराचा पुरावा. सायकलची टायरं, बुटांचे तळवे, कुदळ-खुरपं दात घासायच्या ब्रशने धुवायचे, कारण मातीचा कणही चालत नाही. केरसुणी आणि खराटा इथेच ठेवावा. सूप, टोपली, पोळपाट नेता येतात, पण यादीत स्पष्ट लिहून. लाकडाला बारीक भोक आणि खाली भुकटी दिसली तर तपासनीस पुढचं बघत नाही. मग पर्याय तीन: प्रक्रिया, परत पाठवणं, नष्ट करणं. तिन्हींचं बिल मालकालाच.

आता यादी. ‘किचन आयटम्स’ असं लिहिलेलं खोकं तपासणीत सगळ्यांत आधी उघडलं जातं. खोक्यावर नंबर, यादीत तोच नंबर, आत काय ते साध्या इंग्रजीत. आपण स्वतः भरलेल्या खोक्यांपुढे पॅकर ‘पीबीओ’ लिहितो, म्हणजे मालकाने भरलेलं. अशा खोक्यातलं काही फुटलं तर विमा बहुतेक वेळा हात वर करतो, अख्खं खोकं हरवलं तरच देतो. फर्निचरपुढे ‘एससी’, ‘डीई’, ‘सीएच’ अशी अक्षरं दिसतात: ओरखडा, पोचा, टवका. सही करण्यापूर्वी ती वाचावीत. नवं कोरं टेबलही कागदावर सर्वांगी ओरखडलेलं निघतं. आणि स्वस्त कोटेशन हातात आलं की एकच प्रश्न विचारावा, ‘दारापर्यंत का बंदरापर्यंत?’ बंदरापर्यंतच्या दरात तिकडचं कंटेनर उतरवणं, सामान वेगळं करणं, गोदाम, तपासणी यांतलं काही नसतं. ते बिल जहाजाच्या भाड्यापेक्षाही मोठं होऊ शकतं.

झोपाळ्याचं वेगळंच. शिसव 2017 पासून सीआयटीईएसच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, नियंत्रित यादीत आहे, त्यामुळे आजोबांच्या शिसवी झोपाळ्याला कागद लागतात. सागवानी असेल तर सुटलात, फक्त कड्या आणि साखळ्यांवर नंबर घाला.

मग निघतात देव्हारा, समया, तांब्याचा हंडा. चार पिढ्या ‘शंभर वर्षांपूर्वीचा आहे बरं का’ असं पाहुण्यांना सांगितलेल्या हंड्याचं वय त्या आठवड्यात झपाट्याने उतरतं. कारण 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि शंका आली तर वस्तू पुरावशेष नसल्याचा पुरातत्त्व खात्याचा दाखला दाखवावा लागतो. ज्या काकू हंडा पेशव्यांपर्यंत नेत, त्याच आता ‘छे, माझ्या लग्नातला तो’ म्हणतात.

हस्तलिखित पोथीला एवढीही सवलत नाही. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची असेल तर पंच्याहत्तर वर्षंच पुरतात. ती इथेच राहणार. मग ती कोणाकडे ठेवायची यासाठी नाशिकला, सांगलीला, ठाण्याला फोन सुरू होतात. हंडा मागणारे दोघे-तिघे निघतात. पोथी घ्यायला अजून कोणी ‘हो’ म्हटलेलं नाही, आणि कंटेनर गुरुवारी भरायचा आहे.